एडवर्ड सिझरहँड्स (१९९०): इतक्या वर्षांनी पुन्हा पाहिला, आणि शेजारीणच आधी दिसली

पोटमाळा

गेल्या शनिवारी लेकीबरोबर 'एडवर्ड सिझरहँड्स' हा सिनेमा पाहिला. ती चौदाची आहे. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझी दहावीची परीक्षा नुकती संपली होती. दादरला मामाकडे, व्हिडिओ लायब्ररीतून भाड्यानं आणलेली कॅसेट, मध्येच चित्रावर आडव्या रेघा. आम्हा बहिणींना तेव्हा दिसले ते फक्त जॉनी डेप आणि विनोना रायडर. पडणाऱ्या बर्फात ती हात पसरून गोल फिरते, तो प्रसंग कॅसेट मागे नेऊन तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा रडलो.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. (पुढे शेवटाचीही चर्चा होणार, तेव्हा पाहायचा असेल तर इथेच थांबा.) टेकडीवरच्या पडक्या वाड्यात एक म्हातारा संशोधक स्वतःच्या हातानं एक मुलगा घडवतो, एडवर्ड (जॉनी डेप). हात बसवायचे तेवढे राहतात आणि म्हातारा जातो. मुलाच्या मनगटांना कात्र्याच राहतात. टेकडीखाली एकसारख्या रंगीत घरांची वसाहत आहे. दारोदार सौंदर्यप्रसाधनं विकणारी पेग एक दिवस वाड्यावर चढते आणि त्याला घरी घेऊन येते. पेगची मुलगी किम (विनोना रायडर). मग प्रेम, आळ, आणि टेकडीवर चालून जाणारा जमाव.

या वेळी मला किमच्या आधी शेजारणी दिसल्या. पहिल्याच दिवशी फोन खणखणतात, कोण आलंय, कसा दिसतो. मग त्याच्यासाठी अंगणात जेवण ठेवतात, ज्या त्या बाईला त्याला भरवायचं असतं. तो आधी झुडपं कापून देतो, मग कुत्र्यांचे केस, मग बायकांचे. बायका रांगेनं बसतात. या सगळ्यात त्याला कुणी विचारत नाही, बाबा रे, तुला काय हवंय? टीव्हीवरच्या मुलाखतीत एक बाई उठून म्हणते, तुला साधे हात मिळाले तर तू चारचौघांसारखाच होशील. तो म्हणतो, हो, माहीत आहे. त्याला तेच तर हवं असतं, आणि ती बाई ते काढून घेते आहे हे तिला कळतही नाही. पुढे एक चोरी त्याच्या माथी येते आणि त्याच बायका पडद्याआडून बघायला लागतात.

हे लिहायचं खरं कारण आता सांगते. आमच्या ठाकुरद्वारच्या चाळीत जिन्याखालच्या खोलीत एकजण राहायचे. उजव्या हाताची तीन बोटं छापखान्यात गेलेली. डाव्या हातानं कात्री अशी चालायची की आम्ही पोरं शाळेतून आल्यावर दप्तर न ठेवता तिथेच उभी राहायचो. दिवाळीला प्रत्येक मजल्याचा कंदील तेच करायचे. कामट्या तासणं, ताव कापणं, करंज्या, झिरमिळ्या, सगळं एकहाती. पैसे मागायचे नाहीत, कुणी फराळाचं ताट दिलं की झालं. आम्ही त्यांना कंदीलकाका म्हणायचो.

मी तिसरीत असताना चाळीच्या गणपतीच्या वर्गणीची पेटी गेली. कुणी पाहिलं नव्हतं, पण दुपारपर्यंत सगळ्यांना 'ठाऊक' होतं. माझ्या वडिलांनीही मान हलवली. दोन दिवसांनी काका पत्र्याची ट्रंक घेऊन गेले. आम्हा पोरांना दार लावून आत बसवलं होतं, मी फटीतून पाहिलं. पैसे कुणी नेले ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्या दिवाळीला चाळीत विकतचे कंदील लागले.

सिनेमा संपल्यावर लेक किमबद्दल बोलत होती आणि माझ्या डोळ्यांसमोर ती ट्रंक होती. तुम्ही कधी पाहिलात? पुन्हा पाहिलात तेव्हा नजर कुणावर राहिली?

चिंचपोकळी_धीमी

खूप आतून लिहिलंय.

मला आठवतो तो कात्र्यांचा आवाज. आमची आजी रिकामी कात्री वाजवू द्यायची नाही, घरात भांडणं होतात म्हणायची. एडवर्ड घाबरला की त्याच्या कात्र्या आपोआप वाजतात. हुडहुडी भरलेल्या माणसाचे दात वाजावेत तशा. अख्ख्या सिनेमात त्याच्या तोंडी दोनशे शब्दसुद्धा नाहीत, मग बोलणार कोण? तो आवाजच बोलतो. ते हात स्टॅन विन्स्टन यांनी बनवले होते. आणि गंमत बघा, त्या घरात भांडणं होतात ती खरंच, पण ती लावतात दुसरेच.

तिसरी घंटा

नेपथ्याची कामं करतो, त्यामुळे त्या बाजूनं लिहितो.

ती वसाहत स्टुडिओत उभी केलेली नाही. फ्लोरिडात टॅम्पाजवळ लुट्झ म्हणून गाव आहे, तिथली राहती घरं घेऊन त्यांना रंग दिले. रंग मोजकेच, तेही उडालेले: फिकट हिरवा, लोण्यासारखा पिवळा, मळकट गुलाबी, मळकट निळा. सकाळी सगळे नवरे एकाच वेळी गाड्या बाहेर काढतात, संध्याकाळी एकाच वेळी आत घेतात. या सगळ्यात तो एकटा काळा, कातडी पट्ट्यांत आवळलेला. पेग त्याला नवऱ्याचे जुने कपडे घालते, पांढरा शर्ट आणि वर पँटला गॅलिस. तो पोशाख पाहून पोटात कालवतं. शर्टाच्या बाह्यांतून कात्र्या बाहेर आलेल्या, आणि तो नीट दिसायचा किती प्रयत्न करतोय. वेषभूषा कॉलीन ॲटवूड यांची.

दिग्दर्शक टिम बर्टन कॅलिफोर्नियात बरबँकमध्ये वाढला, तेही अशाच आखीव घरांचं उपनगर. बोटांच्या जागी पाती असलेल्या मुलाचं चित्र त्यानं शाळकरी वयातच काढलं होतं. पटकथा कॅरोलाइन थॉम्पसनची. १९८९ ला त्याचा 'बॅटमॅन' तुफान चालला म्हणून त्याला असा हळवा, विचित्र सिनेमा करायला मिळाला.

म्हातारा संशोधक म्हणजे व्हिन्सेंट प्राइस. भयपटांचा बादशहा, बर्टनचं लहानपणचं दैवत. तब्येत खालावलेली होती, म्हणून भूमिका छोटी आहे. १९९३ ला ते गेले, मोठ्या पडद्यावरचं हे त्यांचं शेवटचं महत्त्वाचं काम. नाताळची भेट म्हणून नवे हात आणून ते मुलासमोर धरतात आणि उभ्याउभ्या कोसळतात. एडवर्ड त्यांच्या गालाला स्पर्श करायला जातो आणि गालावर रक्ताची रेघ उमटते. मी हा प्रसंग सलग कधीच बघू शकलेलो नाही.

निळी_शाई

माझी नायिका पेग. डायान वीस्ट हे काम इतकं साधेपणानं करते की ते काम आहे हेच विसरायला होतं.

अंधाऱ्या माळ्यावर कात्र्यांचा मुलगा समोर येतो. दुसरी कुणी किंचाळून पळाली असती. ही घाबरते, मागे सरकते, आणि मग तिला त्याच्या चेहऱ्यावरचे ओरखडे दिसतात. लगेच बॅग उघडून औषध शोधायला लागते. माझी आई बारा वर्षं लोकलनं फिरून साड्या आणि मसाले विकायची. दार उघडणाऱ्या माणसाचा चेहरा आधी वाचायचा आणि मग बोलायचं, हे तिचं शहाणपण होतं. पेगमध्ये मला ती दिसली.

पण पेगही चुकते, आणि सिनेमा ते लपवत नाही. शेवटाकडे ती म्हणते की त्याला खाली आणताना मी पुढचा विचार केलाच नव्हता, तो परत वर गेला तर बरं, तिथे सुरक्षित तरी राहील. हे ती प्रेमानंच म्हणते. म्हणून जास्त लागतं.

खिडकीजवळची जागा

मला थोडं विरोधी मत मांडायचं आहे, राग मानू नका.

पहिली गोष्ट, शेजारणी फार ठोकळेबाज आहेत. एक धर्मवेडी, एक पुरुषांच्या मागे लागलेली, बाकीच्या चहाड्या करणाऱ्या. दिग्दर्शकाला एडवर्डचं मन दिसतं, पण दुपारभर त्या घरांत एकट्या बसणाऱ्या बायकांचं दिसत नाही. दुसरी, शेजारीण जॉइस त्याला केशकर्तनालयाची जागा दाखवायला नेते आणि मागच्या खोलीत अंगाशी झोंबते. तो घाबरून पळतो. पुढे ती उलट त्याच्यावरच आळ घेते. हा सरळ अत्याचार आहे आणि सिनेमा तो विनोदासारखा दाखवतो. लहानपणी मीही हसले होते. आता नाही हसू आलं.

तिसरी, किमचा मित्र जिम याचा मृत्यू. जिम वाईट आहे, मान्य. पण त्याला इतका वाईट रंगवलाय की तो मेल्यावर कुणाला काही वाटू नये. एका माणसाच्या हातून दुसरा मेला, त्याचं ओझं एडवर्डच्या चेहऱ्यावर मला दिसायला हवं होतं.

पोटमाळा

@खिडकीजवळची जागा, राग कसला! जॉइसबद्दल शंभर टक्के सहमत. माझ्या लेकीनं तिथे सिनेमा थांबवून विचारलं, "आई, हे विनोदी आहे का?" मी नाही म्हटलं.

शेजारणींबद्दल मात्र वाटतं की जमाव आतून असाच दिसतो. आमच्या चाळीतली एकेक बाई वेगळी काढली तर सोन्यासारखी होती. माझ्या टायफॉइडमध्ये शेजारच्या काकू रात्रभर उशाशी बसल्या होत्या. पेटी गेली त्या दुपारी पहिला आवाज त्यांचाच होता. दोन्ही बाया एकच आहेत, हे मला अजून जुळवता आलेलं नाही.

सांधा

कधीच लिहीत नाही, नुसती वाचते. पण विषय हातांचा आहे म्हणून राहवलं नाही. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, रोज हातांचंच काम.

एडवर्ड कसा उभा राहतो ते नीट पाहा. कोपरं बरगड्यांना चिकटलेली, हात अंगापासून लांब धरलेले, चालणं छोट्या पावलांचं. हाताला मोठी इजा झालेली माणसं सुरुवातीला बरीचशी अशीच उभी राहतात. हात कुणाला लागू नये आणि हाताला कुणी लागू नये. डेपनं हे कुठे पाहिलं असेल नकळे, पण अगदी बरोबर पकडलंय.

दुसरं, चेहऱ्यावरचे व्रण. ते त्याचे त्यानंच केलेले आहेत. खाज आली, केस बाजूला केले, झोपेत कूस बदलली, प्रत्येक वेळी एक ओरखडा. जो सगळ्यांना धोकादायक वाटतो, त्याच्याच अंगावर सगळ्यात जास्त जखमा. मला यावरून कुष्ठरोगाचे पेशंट आठवतात. वडाळ्याला ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे, १८९० पासूनचं. शिकत असताना तिथे जायचे. लोकांना वाटतं हा रोग बोटं खातो. तसं नसतं. जंतू नसांवर हल्ला करतात, त्वचेची संवेदना जाते. मग गरम पातेलं उचललं तरी चटका कळत नाही, खिळा घुसला तरी दुखत नाही. जखम तशीच राहते, चिघळते, वारंवार असं होऊन हाडं झिजतात आणि बोटं आखडतात, आखूड होतात. रोगावर औषध आहे, मोफत मिळतं, आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळात तो माणूस दुसऱ्याला लागण देत नाही. पण बोटं आखडली की लोक हात मागे घेतात. पूर्ण बरा झालेला माणूससुद्धा चहावाल्याकडे कप बाकड्यावर ठेवायला सांगतो, हातात घेत नाही. त्यानं तो नियम स्वतःलाच घालून घेतलेला असतो.

आणि तो प्रसंग. किम म्हणते, मला जवळ घे. तो म्हणतो, नाही जमत. खिडकीशी जातो. मग ती जाते, त्याचे हात स्वतः उचलते आणि स्वतःभोवती ठेवते, पाती पाठीमागे येतील अशी. आम्ही नेमकं हेच शिकवतो. बोटं नसतील तर मनगटानं, मनगट नसेल तर बाहूनं. पॉवर प्रेसमध्ये दोन्ही पंजे गेलेला एक तरुण माझ्याकडे यायचा. जेवणासाठी, लिहिण्यासाठी साधनं दिली, तो निमूट शिकला. एक दिवस बायको तान्ही मुलगी घेऊन आली, तेव्हा पहिल्यांदा त्यानं आपणहून विचारलं, "मॅडम, हिला धरायचं कसं?" दोन तास तेच केलं. त्या दिवशी बाकी व्यायाम घेतले नाहीत.

@पोटमाळा, तुमच्या काकांनी डाव्या हातानं कात्री चालवायला शिकायला किती दिवस घालवले असतील याचा मला अंदाज आहे. तुम्हा पोरांना ते सहज वाटायचं, यातच सगळं आलं.

चिंचपोकळी_धीमी

सांधाताई, लिहीत जा.

झाडोरा

झुडपांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. माझे वडील बागकाम खात्यात माळी होते. मलबार हिलच्या हँगिंग गार्डनमधली झुडपांची जनावरं आठवतात ना? तिथे मुंबईचं प्रत्येक मूल एकदा तरी फोटोला उभं राहिलेलं असतं. बाग पाण्याच्या टाक्यांवर आहे, माती फार खोल नाही, त्यामुळे मोठी झाडं लावता येत नाहीत, झुडपं छान होतात. आधी तारेचा सांगाडा उभा करायचा, झुडूप त्यातून वाढू द्यायचं, आणि बाहेर डोकावेल तेवढं छाटायचं. हत्ती हत्ती दिसायला काही वर्षं जातात आणि पावसाळ्यात पंधरा दिवस हात फिरला नाही तर हत्तीचं झुडूप होतं.

सिनेमात एडवर्ड दहा मिनिटांत डायनोसॉर कापतो. माझे वडील हसतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "अरे, हा मागे होऊन बघतो." खरंच, कापता कापता तो थांबतो, मान कलती करतो, पुन्हा कापतो. वडिलांच्या मते हे ज्याला येतं तोच माळी. वाड्याच्या अंगणात शिरल्यावर पेग थबकते, मधोमध एक भलामोठा पंजा, भोवती हरणं. वर्षानुवर्षं तिथे कुणीही बघायला नव्हतं तरी त्यानं बाग राखली होती. वडील त्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत.

पोटमाळा

आता लेकीचा प्रश्न इथे मांडते, कारण घरी आमचं त्यावर भांडण झालंय. शेवटी म्हातारी किम नातीला गोष्ट सांगते. एडवर्ड अजून वर आहे, बर्फाच्या मूर्ती कोरतो, त्याचा चुरा खाली बर्फ होऊन पडतो. नात म्हणते, तू अजूनही जाऊ शकतेस. ती म्हणते, नको, त्यानं मला तेव्हाची होते तशीच आठवावं. लेक चिडली. म्हणे, हा काय स्वार्थीपणा, इतकी वर्षं त्याला एकटं ठेवलं, ते स्वतःच्या सुरकुत्या लपवायला? मला उत्तर देता आलं नाही.

निळी_शाई

तुमच्या लेकीची बाजू घेते. तो म्हातारा होत नाही, त्याला तर एकेक दिवस मोजायचा आहे.

खिडकीजवळची जागा

माझीही तीच अडचण. इतक्या सुंदर सिनेमाचा शेवट एका बाईच्या रूपाच्या काळजीवर का यावा?

सप्तपर्णी

मी सत्तरीची आहे, हा सिनेमा मुलाबरोबर पाहिला होता. काल रात्री पुन्हा पाहिला, तुमची चर्चा वाचून.

तुम्ही सगळ्याजणी ती खाली येऊन काय बोलते ते विसरलात. जमाव वाड्याच्या दारात आहे. किम बाहेर येते, म्हणते छत कोसळलं, दोघेही मेले. खोटं वाटू नये म्हणून वाड्यातला कात्र्यांचा एक सुटा हात उचलून दाखवते. लोक पांगतात. एडवर्ड जिवंत आहे तो या एका खोट्यावर. ती एकदा जरी टेकडी चढली असती तर कुणीतरी पडदा बाजूला करून पाहिलंच असतं. त्या गावात काहीच लपत नाही, हे दिग्दर्शकानं पहिल्या दहा मिनिटांत दाखवलंय. मग पुन्हा जमाव गेला असता. त्याला जिवंत ठेवायचं तर वर जायचं नाही, हे तिनं त्या रात्रीच ठरवलं.

मग ती नातीला सुरकुत्यांचं कारण का सांगते? पोरगी लहान आहे. जिमचं मरण, आळ, माणसं कशी वागतात, हे सगळं अंथरुणात पडल्या पडल्या सांगायचं नसतं. आम्ही बायकांनी अशी सोपी कारणं किती दिली आहेत. माहेरी का जात नाहीस? अगं, गाडीचा त्रास होतो. गाणं का सोडलंस? घसा बसतो. खरं कारण एकच असतं आणि ते सांगितलं तर दुसऱ्याचं नुकसान होतं.

मी एका माणसाला एकेचाळीस वर्षं भेटले नाही. तो परळला होता, मी गोरेगावला, गाडीनं फार तर तासाभराचा रस्ता. एवढंच सांगते.

निळी_शाई

सप्तपर्णीताई, तो सुटा हात मी अनेकदा पाहिला आणि त्याचा अर्थ आज कळला. मत बदललं.

खिडकीजवळची जागा

माझं पूर्ण नाही बदललं. पण आता ती घराच्या खिडकीशी का बसते ते कळलं. तिथून टेकडी दिसते.

पोटमाळा

सप्तपर्णीताई, तुमचं लिहिणं लेकीला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती गप्प झाली, मग म्हणाली, "पण मग एडवर्डला ते माहीत होतं का?" मला वाटतं होतं. चोरीच्या वेळीही त्याला माहीत होतं की घर जिमचं आहे. किम विचारते, मग का केलंस? तो म्हणतो, तू सांगितलंस म्हणून.

काल आईला फोन केला. कंदीलकाकांचं नाव विचारलं. तिला चटकन आठवलं नाही, मग फोन ठेवून पुन्हा तिनंच केला, आणि नाव सांगितलं. इथे लिहीत नाही. म्हणाली, "त्यांनी आपल्याला केलेला शेवटचा कंदील माळ्यावर आहे. मी टाकला नाही." पस्तीसेक वर्षं. का ठेवला, ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

आज जाऊन काढला. कागद पार उडालाय, सांगाडा शाबूत. कामट्यांना दोरा अजून घट्ट आहे, प्रत्येक गाठ एकाच बाजूला. एका हातानं आणि दातानं मारलेल्या गाठी. लेकीनं पुन्हा कागद लावायचं ठरवलंय. ताव चांगला कुठे मिळेल?

झाडोरा

माहीमच्या कंदील गल्लीत दिवाळीच्या आधी सगळं मिळतं. आत्ता हवा असेल तर क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रेहमान स्ट्रीटवर बघा. पतंगाचा ताव घ्या, जाड घेऊ नका, उजेड अडतो. खळ घरीच करा, मैद्याची, त्यात चिमूटभर मोरचूद घाला म्हणजे झुरळं लागत नाहीत. विषारी असतं, तेव्हा ते तुम्ही घाला, लेकीला हात लावू देऊ नका.

सांधा

आणि जुन्या गाठी सोडू नका. सैल वाटल्या तर वरून दुसरा दोरा घ्या.